काळं फडकं

म्हातारीचा एकुलता एक मुलगा घर सोडून पायीच गेला, तो परतलाच नाही. सायकल मागे राहिली. ती मागच्या खोलीत कुलपात असे आणि किल्ली म्हातारीच्या गळ्यात.

दर रविवारी ती रॉकेलच्या फडक्याने साखळी पुसायची, कडीकडीवर तेलाचा थेंब सोडायची आणि वरचं तेल टिपून घ्यायची. नाहीतर धूळ चिकटते, हे मुलानेच शिकवलेलं.

पण बंद खोलीत, चाकांत हवा नसलेल्या सायकलीला चिखल लागायचा कुठून? फडकं दर वेळी काळंकुट्ट व्हायचं. एकदा तर दात्यांत ओलं गवत अडकलेलं होतं.

म्हातारीने कुणाला विचारलं नाही. फडकं काळं, म्हणजे पोरगा कुठेतरी चालतोय, एवढं तिला पुरे होतं.

"आई, उभ्या सायकलीला किती न्हाऊ घालाल?" सून दारातून टोमणा मारायची.

"तुझ्या जिभेला तेल घालावं लागत नाही, हे नशीब माझं!"

आज म्हातारीने पायडल उलटं फिरवत साखळी फडक्यातून ओढली. फडकं पांढरंच राहिलं. तिने पुन्हा ओढली. मागच्या रविवारचं तेल जसंच्या तसं होतं, त्यावर धुळीचा कणही नव्हता.

तिने फडकं चटकन पाठीमागे लपवलं. पण सून दारातच उभी होती.

आज ती हसली नाही. पहिल्यांदाच आत आली, सायकलीपाशी बसली आणि पायडल फिरवू लागली.

"आई," ती म्हणाली, "जरा दाबून पुसा ना."