कान उघडे ठेवून

एकाही प्रकाशकाने दारात उभं केलं नाही, तेव्हा तो आपल्या भयकथा स्वतःच छापू लागला. छापण्याआधी प्रत्येक कथा तो अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना वाचून दाखवी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचं केवढं कौतुक! आजच्या कथेत पावलं जिना चढून दाराशी थांबली, पट्ट्याचं बक्कल खट्कन सुटलं आणि पलंगाखालच्या पोराने तोंडात शर्टाची बाही कोंबली. वडिलांनी चाचपडत कानातलं श्रवणयंत्र काढलं, उशीखाली सारलं. “बास कर रे.” त्याने ते शोधलं, पुसलं, हलक्या हाताने त्यांच्या कानात बसवलं. “मी बोलतोय ना? मग कान उघडे ठेवून ऐकायचं!” लहानपणी ऐकलेलं त्यांचंच वाक्य त्याने जसंच्या तसं परत केलं. वडिलांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. “त्या बापाचं… शेवटी काय होतं?” त्याने यंत्राचा आवाज वाढवला. “शेवट अजून लिहिला नाही, बाबा. तुम्हाला बघूनच सुचेल.”