कोऱ्या बर्फावरची सावली

जलरंगात बर्फ रंगवायचा नसतो. कागद तेवढा कोरा सोडायचा असतो. ही साधी गोष्ट माझ्या धाकट्या भावाला ठाऊक आहे, तो माझ्याच हाताखाली शिकलाय. तरी पठ्ठ्याने माझ्या कोऱ्या बर्फावर निळी सावली ओढून ठेवली! माणसाची, लांबलचक, चित्राच्या खालच्या कडेतून आत शिरलेली.

"कुणी सांगितला होता हा आगाऊपणा?" मी कडाडले.

"ताई, मी हातसुद्धा लावलेला नाही," टेबलापलीकडून तो म्हणाला. "तुझीच पडली असेल. खिडकी तुझ्या मागे आहे. जरा बाजूला हो बघू."

मी बाजूला झाले. सावली जागची हलली नाही.

"आता बोल! माझी आठवडाभराची मेहनत मातीत घातलीस आणि वर मलाच शिकवतोस?"

ओला स्पंज घेऊन, मान खाली घालून मी कागद पुसू लागले. थोडातरी निळा रंग सुटायला हवा होता. स्पंज पांढराच राहिला. बोटं मात्र गारठून बधिर झाली.

"ताई," त्याचा आवाज उतरला होता, "मघाशी ती झाडापर्यंतच होती."

आता ती झोपडीच्या दारापर्यंत पोचली होती. चित्रातला सूर्य बघणाऱ्याच्या पाठीशी आहे. अशा उन्हात सावली आत सरकते, ती माणूस पुढे आला की. हे त्याला मीच शिकवलं होतं.

तेवढ्यात मानेवर गार श्वास लागला, तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मागे उभा राहून फुंकू नकोस रे!"

मी मान वर केली. भाऊ टेबलापलीकडेच उभा होता आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.