लोखंडी जबडा

१९५५ साली पोहरादेवीच्या जत्रेत दोन धिप्पाड मुष्टियोद्ध्यांची झुंज ठरली होती. त्यांचे जबडे चाचपून, कोण किती ठोसे सोसेल हे जाहीर करण्याचा मान हाडे बसवणाऱ्या गोमतीबाईचा होता. चार वर्षांपूर्वी हात जोडून शरण आलेल्या तिच्या भावाचा त्या दोघांपैकी एकाने, बाबूसिंगाने, ठोशांनी जीव घेतला होता. आज तो तिला ओळखतही नव्हता.

"सांग ना बुढे, किती ठोसे खाईन मी?" तो हसत म्हणाला.

तिची बोटे त्याच्या डाव्या जबड्यावर क्षणभर थबकली. आत एक जुनी, कच्ची सांधलेली भेग होती.

"लोखंड हाय लेका, कितीबी खाशीन," ती मायेने म्हणाली. "फक्त कोनाची नजर नाही लागली पायजे."



आणि नेमकी त्या भेगेवर काजळाची ठसठशीत तीट लावून तिने समोरच्या मुष्टियोद्ध्याकडे शांतपणे पाहिले.