बोनेटच्या पलीकडे

बाबा गेल्यापासून मला रस्त्याचीच धास्ती, म्हणून नवऱ्याने ही रणगाड्यासारखी गाडी पाहायला आणलं. मागे आई बसली, तिच्याशेजारी बाबांची टोपी घातलेली माझी लेक. "आतल्यांना ओरखडाही येणार नाही," सेल्समन म्हणाला. "एवढं धूड ठेवायला शेजाऱ्यांचं घर पाडायचं का?" आईने विचारलं. बाबांनंतर पहिल्यांदाच आम्ही हसलो. मी इंजिन चालू केलं. "ब्रेक सोडा ताई, हळूच पुढे घ्या." सवयीने आरशात पाहिलं, तर आईशेजारी कुणीच नव्हतं, दार उघडं होतं. समोर नुसतं उंच बोनेट आणि मोकळं आवार. अशाच गाडीपुढे बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले होते. "दिसलेच नाहीत हो," चालक म्हणत राहिला होता. मी ब्रेक गच्च दाबून ओरडले, "पिल्लू!" "अगं, तुझ्यासमोरच तर आहे!" बाहेर उभा नवरा म्हणाला. बोनेटच्या कडेवर फक्त बाबांची टोपी हलवणारा हात दिसला.