बाबांची तारीख

बाबांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्याने गिऱ्हाईक मावशींच्या फोनचं झाकण उघडलं आणि हातातला चिमटा हवेतच थांबला. फुगलेल्या बॅटरीवर निळ्या मार्करने मराठी आकड्यांत तारीख लिहिली होती. बसवलेल्या प्रत्येक बॅटरीवर तारीख टाकायची, ही बाबांची शिस्त. नऊचं शेपूट इतकं लांब ओढणारेही तेच.

तारीख गेल्या मंगळवारची होती. बाबांना जाऊन तर तीन वर्षं झाली होती.

"मावशी, ही कुठे बसवलीत?"

"इथंच की! तू जेवायला गेला होतास. स्टुलावर ते जाड चष्म्याचे म्हातारे होते ना, त्यांनी बसवली. आठ दिवसांत फुगली बघ!"

जेवायला जाताना तो शटरला कुलूप लावत असे, आणि किल्ली एकच होती. त्याने नवी बॅटरी बसवून मावशींना वाटेला लावलं.

दुपारी निघताना त्याने स्वतःचा फोन मुद्दाम बाबांच्या त्या रिकाम्या स्टुलावर ठेवला. महिनाभर तो फोन सकाळीच मान टाकत होता. कुलूप त्याने दोनदा ओढून पाहिलं.

घरी तो जेवायला बसला, पण एकही घास घेतला नाही. ताट तसंच सारून तो परत आला आणि शटर वर केलं.

स्टुलावरचा फोन कोमट लागला. आत कोरी बॅटरी होती, तिच्यावर आजची तारीख, शाई अजून ओली. खाली त्याच निळ्या अक्षरांत एक ओळ जास्तीची होती:

"उपाशी का आलास?"