बहराखालची जागा

चेरीला बहर आला की झाडाखाली बसून जेवायला सगळ्यांसाठी जागा धरायची, हे आमच्या विभागात सगळ्यात नव्या माणसाचं काम. गेल्या वर्षीच्या पोरानं आम्हाला संडासाशेजारी बसवलं. तो अजून सगळ्यांचा चहा करतोय.

यंदा पाळी मिनोरीची होती. ती तडक विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली आणि नकाशे सांभाळणाऱ्या इतोकावाबाईंकडे तिनं विद्यापीठामागच्या टेकडीचे चढउतार, झाडं, पायवाटा असा सगळा डेटा मागितला.

"कशाला हवाय गं एवढा?"

"जमिनीच्या धुपीवर संशोधन करतेय, बाई," मिनोरीनं ठोकून दिलं.

बाईंनी फाइली तर दिल्याच, वर शेजारी बसवून एका नकाशावर दुसरा नकाशा कसा चढवायचा तेही शिकवलं. सपाट, चेरीच्या दाट फांद्यांखालची आणि संडासापासून लांब अशी एकच जागा अख्ख्या टेकडीवर निघाली. मिनोरीला खुर्चीतच नाचावंसं वाटत होतं, पण संशोधकाला शोभेल असा चेहरा करून तिनं बाईंचे आभार मानले.

रविवारी उजाडताच निळी ताडपत्री काखेत मारून ती धापा टाकत टेकडीवर पोचली.



तिथे अख्खं ग्रंथालय आधीच ताडपत्री पसरून, डबे उघडून बसलं होतं, आणि इतोकावाबाई सरकून जागा करत म्हणाल्या, "ये गं, तुझ्या विभागालाही बोलाव. जितकी जास्त माणसं बसतील, तितकी धूप कमी."