इंजिनाचा दम

विमान मैदानाच्या टोकापर्यंत गेलं, नाक वर करून चढायला लागलं आणि तिथेच इंजिनाचा दम गेला. तात्यांनी हातातल्या रिमोटने ते कसंबसं गवतात उतरवलं. ते उचलून आणलं आणि घरी आल्या आल्या शेडमधलं मोठं खोकं खाली काढलं.

"उद्या क्लबवाल्यांना बोलावलंय," ते म्हणाले. "सगळं घेऊन जा म्हटलं."

एके काळी हे ऐकून माईंनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. घरभर तो तेलाचा वास, जेवणाच्या टेबलावर सुकत ठेवलेले पंख. पण आता त्यांना ते नको होतं. जुने रविवार आठवले. विमान डोक्यावरून जायचं, मुलं त्याच्या सावलीमागे धावायची, आणि आपण चहाचा थर्मास घेऊन उगाच कपाळाला आठ्या घालून बसायचो. किती छान होतं ते सगळं! शेड रिकामी झाली तर हा माणूस दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघणार, हे त्यांना दिसत होतं.

बरं, तात्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. प्लग बदलला, इंधन गाळून घेतलं, टाकीतली नळी नवी घातली, सायलेन्सरचे स्क्रू आवळले. पण गेलं वर्षभर इंजिन आपला हेका सोडत नव्हतं. जमिनीवर गरजायचं, हवेत मान टाकायचं.

"एकदा माझ्यासमोर चालवा," माई म्हणाल्या. "शेवटचं."

इतक्या वर्षांत माई कधी शेडमध्ये उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांची जागा स्वयंपाकघराची खिडकी. इंजिन सुरू झालं की तिथूनच त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "अहो, पुरे करा, डोकं उठलं माझं!" आवाज केसभर उतरायचा आणि पुढे तसाच चालू राहायचा. मग माई आणखी भडकायच्या. पण गेल्या वर्षी तात्यांना हॉस्पिटलातून घरी आणलं, त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, या माणसावर पुन्हा म्हणून ओरडायचं नाही. ते त्यांनी कसोशीने पाळलं होतं.

तात्यांनी विमान बाकाला बांधून इंजिन सुरू केलं आणि इंधनाची सुई आवळायला घेतली. सुई आवळली की इंधन कमी होतं आणि आवाज चढतो. अति आवळली की इंजिन तापतं आणि हवेत बसतं. हे ऐकून ऐकून माईंनाही पाठ झालं होतं. आवाज चढला, बारीक झाला, मग सुरीसारखा कानात घुसला. माईंचे दात शिवशिवले. तात्या शांतपणे सुई आवळतच होते.

माईंनी कानांवर हात घेतले. ओरडायचं नाही म्हणून मग पुढे होऊन तात्यांचा दंड धरला.

तात्यांनी इंजिन बंद केलं. "काय झालं?"

"अहो, केवढं चिरकतंय ते!"

"कुठे?"

माईंना एकेक आठवायला लागलं. दारावरची बेल, फोनची घंटी, कशालाच हा माणूस उठत नाही. आळस म्हणून आपण किती बोललो त्यांना. "कधीपासून ऐकू येत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

तात्या चोरी पकडली गेल्यासारखे हसले. "तो वरचा बारीक आवाज ना? धाकटी शाळेत जायला लागली तेव्हाच गेला."

"मग इतकी वर्षं सुई लावलीत कशी?"

तात्यांनी फडक्याला हात पुसले.

"तू खिडकीतून ओरडलीस की थांबायचो, आणि सुई जराशी मागे घ्यायचो. बरोब्बर लागायची," ते म्हणाले. "हल्ली तू ओरडतच नाहीस."